गाडी कुठे अडवायची? सिंहस्थातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या पहिल्या अमृतस्नानाची तारीख 2 ऑगस्ट 2027 अशी जाहीर झाली आणि नाशिकमध्ये जुनाच प्रश्न नव्याने निघाला. बाहेरगावच्या माणसाची गाडी कुठे अडवायची आणि तिथून त्याला गोदावरीवरच्या रामकुंडापर्यंत कसे न्यायचे? नियोजनाच्या बैठकीत कोणी ‘2015 सारखे’ म्हटले की निम्म्यांना ते कौतुक वाटते, निम्म्यांना इशारा. असे का, हे समजायला 2015 च्या सिंहस्थातली पहिली पर्वणी, म्हणजे मुख्य स्नानाचा पहिला दिवस, आठवावी लागते. त्याआधी थोडे मागचे.

पेशवाईत शैव आणि वैष्णव साधूंमधल्या संघर्षानंतर स्नानाच्या जागा वेगळ्या झाल्या. शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्त कुंडावर, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर. तंटा मिटला, पण तिशीएक किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांत मेळा एकाच वेळी भरू लागला आणि भाविकाला दोन्हीकडे जायचे असते. पुढे रेल्वे आली, तीही शहराला वळसा घालून. स्थानक नाशिकरोडला, कुंड पंचवटीत. मधले अंतर तोडायला 1889 पासून घोड्यांची ट्राम होती. ती 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. गाडीतून उतरलेल्या माणसाला नदीपर्यंत पोचवायचे काम तेव्हापासून टांगा, रिक्षा आणि एसटी यांच्यावर आहे.

आजच्या सगळ्या निर्णयांवर सावली आहे ती 27 ऑगस्ट 2003 ची. साधूंच्या आखाड्यांची मिरवणूक तपोवनाकडून रामकुंडाकडे येत असताना सरदार चौकाजवळच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली. तीसहून अधिक भाविक दगावले. मिरवणुकीतून उधळलेली चांदीची नाणी वेचायला लोक पुढे सरसावले, असे तेव्हा सांगितले गेले. नाण्यांची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. पंचवटीचा उतार, दोन्ही बाजूंचे वाडे आणि बाजूला निसटायला नसलेली गल्ली यांची चर्चा त्या मानाने कमी झाली. चौकशी झाली, रुंद पर्यायी शाही मार्गाचा, म्हणजे मिरवणुकीच्या रस्त्याचा, विषय निघाला, परंपरेचा मुद्दा आडवा आला. प्रशासनाने मात्र एक धडा पक्का घेतला: गर्दी शहरात येऊच द्यायची नाही.

या धड्यातून 2015 ची रचना उभी राहिली. शहराकडे येणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर शहराबाहेर ‘बाह्य वाहनतळ’ आखले गेले. मुंबईकडून येणाऱ्यांसाठी राजूर बहुला, त्र्यंबकच्या रस्त्यावर खंबाळे, याप्रमाणे. खासगी गाडी तिथे लावायची, एसटीच्या बसने ‘अंतर्गत वाहनतळा’पर्यंत यायचे आणि पुढे नेमून दिलेल्या घाटाकडे चालायचे. कागदावर हे स्वच्छ दिसत होते.

घोळ शब्दापासूनच सुरू झाला. ‘अंतर्गत वाहनतळ’ वाचून कोणालाही वाटेल की आत कुठेतरी आपली गाडी लावायची सोय आहे. पर्वणीच्या दिवशी त्या जागा प्रत्यक्षात बसथांबे होत्या. माणसे उतरवायची, बस वळवायची, एवढेच. त्यांना ‘थांबा’ म्हटले असते तर पोलिसांशी होणारी अर्धी हुज्जत टळली असती. शिवाय आधीच्या दिवसांत, पर्वणी नसताना, गाड्या बऱ्याच आतपर्यंत येत होत्या. त्यामुळे नियम रोज बदलतो अशीच लोकांची समजूत झाली. ‘शाही मार्ग’ आणि ‘भाविक मार्ग’ यांचेही तसेच. एक साधूंचा, एक सामान्यांचा, एवढे कळायचे. कुठला रस्ता किती वाजेपर्यंत कोणाचा, हे नाशिककरालाही सांगता येत नव्हते.

मग 29 ऑगस्ट 2015 उजाडला. पहिली पर्वणी, त्यात राखीपौर्णिमा. शहरात जागोजागी बॅरिकेड लागले होते आणि पंचवटीतल्या गल्ल्यांची तोंडे बांबूंनी बंद होती. भावाकडे राखी बांधायला निघालेल्या बायका आपल्याच शहरात चौकाचौकांत अडकल्या. बाहेरगावच्या भाविकाला बसमधून उतरल्यावर कुठे पाच, कुठे आठ-दहा किलोमीटर चालावे लागले. त्यात म्हातारी माणसे होती, डोक्यावर गाठोडी होती. वाटेत प्रत्येक नाक्यावर ‘इकडून नाही, तिकडून’ ऐकावे लागे. रामकुंडावर भाविकांपेक्षा पोलीस जास्त, हा शेरा त्या सकाळी शहरभर फिरला. गर्दीचे अंदाज मोठे होते, आलेली गर्दी त्यांच्या जवळपासही नव्हती. दुकानदार चिडले, साधूही नाराज झाले.

प्रशासनाची बाजू सरळ होती. एकही जीव गेला नाही, 2003 पुसून निघाले. हे खरेच आहे आणि ते लहान नाही. पण गर्दीच आली नाही, तर ती रचना गर्दीत टिकली असती की नाही हे त्या दिवशी कळलेच नाही. म्हणून मला 13 सप्टेंबरची दुसरी पर्वणी जास्त महत्त्वाची वाटते. टीकेनंतर बॅरिकेड कमी केले गेले, बस अधिक आत येऊ दिल्या, चालण्याचे अंतर घटले. लोक प्रचंड संख्येने आले आणि तरीही दुर्घटना झाली नाही. 18 सप्टेंबरची तिसरी पर्वणी गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला होती; तीही पार पडली. सैल केलेली रचनाच खरी कसाला लागली. अहवालांत आणि भाषणांत मात्र तिन्ही पर्वण्या ‘यशस्वी नियोजन’ म्हणून एकाच ओळीत बसतात.

घाटांच्या वाटणीचा प्रश्न त्याहून चिवट आहे. 2015 मध्ये गोदाकाठी बरेच नवे घाट बांधले गेले. रेल्वेने येणाऱ्यांनी पंचवटीपर्यंत येऊच नये म्हणून नाशिकरोडजवळ दसक येथे सोय झाली. गोदावरी सगळीकडे तीच, हे प्रशासनाचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. पण घरी परतल्यावर आजीला विचारणार ते ‘रामकुंडात बुडी मारलीस का?’ असेच. दसकला स्नान करून पुन्हा रामकुंडाच्या दिशेने चालू लागलेल्या माणसाला भाविक मार्गावरच्या पाटीने थांबवता येत नाही.

त्र्यंबकला गणित सोपे आणि निष्ठुर आहे. कुशावर्त लहानसे, गाव डोंगराच्या कुशीत, येण्याचा मुख्य रस्ता नाशिककडूनच. खंबाळ्याला गाडी सोडून एसटीने जायचे, ही पद्धत तिथे अंगवळणी पडली आहे. श्रावणी सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीलाही तीच वापरतात.

दरम्यान ‘शाही स्नान’ जाऊन ‘अमृतस्नान’ आले आणि 29 जानेवारी 2025 ला, मौनी अमावस्येच्या पहाटे, प्रयागराजला चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसार 30 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नाशिकमध्ये कडक बंदोबस्ताच्या बाजूचा आवाज साहजिकच चढला. शहराभोवतीच्या परिक्रमा मार्गाने बाह्य वाहनतळ एकमेकांना जोडले जातील, असे सांगितले जाते. तसे झाले तर चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीला शहर ओलांडावे लागणार नाही. पण त्या मार्गापासून रामकुंडापर्यंतचा टप्पा तोच उरतो, तेच वाडे आणि तोच उतार.

तारखाही सोप्या नाहीत. 2 ऑगस्ट 2027 ला सोमवती अमावस्या आहे आणि त्याच दिवशी सूर्यग्रहणही आहे, जे आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास दिसेल. ग्रहण सुटल्यावर स्नान करण्याची रीत आहे. म्हणजे आखाड्यांची मिरवणूक सकाळी आटोपून परतीच्या बस सुटत असतानाच संध्याकाळच्या स्नानासाठी दुसरी लाट त्याच गल्ल्यांतून खाली उतरेल. 2015 च्या तिन्ही पर्वण्यांत असा दिवस आला नव्हता.