लीव्ह इट टू बीव्हर

अमेरिकेतील कृष्णधवल काळातली कौटुंबिक विनोदी दूरचित्रवाणी मालिका. ४ ऑक्टोबर १९५७ ते २० जून १९६३ या काळात तिची सहा पर्वे झाली. दर पर्वात ३९, असे एकूण २३४ भाग. पहिले पर्व सीबीएस वाहिनीने दाखवले, उरलेली पाच एबीसीने. मेफील्ड या काल्पनिक गावात राहणारे क्लीव्हर कुटुंब तिच्या केंद्रस्थानी आहे : नोकरदार वडील वॉर्ड (ह्यू बोमाँट), आई जून (बार्बरा बिलिंग्सली), थोरला मुलगा वॉली (टोनी डाऊ) आणि धाकटा थिओडोर (जेरी मॅथर्स). थिओडोरला घरीदारी सगळे ‘बीव्हर’ म्हणतात. बीव्हर म्हणजे ओढ्यांवर बांध घालणारा, पुढच्या दातांनी झाडे पाडणारा एक प्राणी. वॉलीला लहानपणी ‘थिओडोर’ हा शब्द उच्चारता येत नसे, त्याच्या बोबड्या बोलातून हे नाव चिकटले, असा खुलासा मालिकेत येतो.

पहिला भाग प्रसारित झाला त्याच दिवशी सोव्हिएत संघाने स्पुत्निक अवकाशात सोडला. मालिकेचा आणि उपग्रहाचा काडीचाही संबंध नाही. पण अमेरिकन घरांत त्या आठवड्यात कसली धास्ती होती आणि पडद्यावरच्या मुलाला कसली, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. पडद्यावरचा मुलगा शाळेतून बाईंनी दिलेली चिठ्ठी खिशात घेऊन घाबरला होता.

मालिकेचे जनक जो कॉनेली आणि बॉब मोशर हे दोघे त्याआधी ‘एमॉस अँड अँडी’ या रेडिओ कार्यक्रमाचे लेखक होते. दोघेही लेकुरवाळे. बीव्हर आणि वॉली यांची मूळ प्रतिमा कॉनेलीच्या स्वतःच्या दोन मुलांवरून घेतलेली होती, आणि मुलांच्या बोलण्यातून, उचापतींतून कथाबीजे मिळवायची ही या जोडीची रीत होती. त्या काळच्या इतर कौटुंबिक मालिका आईबापांच्या नजरेने मुलांकडे पाहत. येथे गोष्ट मुलाच्या उंचीवरून दिसते. मोठी माणसे अधूनमधून दार उघडून आत येतात आणि जे विचारू नये नेमके तेच विचारतात.

भूमिकेसाठी निवड चालू असताना मॅथर्स हा शाळकरी मुलगा बालवीरांच्या गणवेशात आला होता. काम मिळण्यापेक्षा आपल्याला बालवीरांच्या सभेला जायची घाई आहे, असे त्याने सरळ सांगितले आणि त्याच भाबडेपणावर त्याची निवड झाली. हा किस्सा स्वतः मॅथर्सनेही अनेकदा सांगितला आहे. डाऊ हा पट्टीचा सूरपटू. तो एका ओळखीच्या माणसाला सोबत म्हणून चाचणीला गेला आणि काम त्यालाच मिळाले.

बीव्हरच्या खोड्यांचा नीट विचार केला तर एक गोष्ट लक्षात येते : मूळ अपराध जवळजवळ नेहमी क्षुल्लक असतो, कित्येकदा अपराधच नसतो. भाग उभा राहतो तो पुढच्या सारवासारवीवर. पहिल्याच प्रसारित भागात बाई त्याच्याजवळ आईसाठी बंद पाकिटातली चिठ्ठी देतात. आपल्याला शाळेतून काढले, असे बीव्हर धरून चालतो. वॉली मग आईच्या नावाने उत्तर लिहून देतो, की मी थिओडोरला चोप दिला आहे आणि त्याला फार पश्चात्ताप झाला आहे. बिंग फुटायची वेळ येते तेव्हा बीव्हर झाडावर चढून बसतो. चिठ्ठीत एवढेच असते, की शाळेच्या नाटकात त्याला अस्वलाचे काम द्यायचे आहे. याच भागात आंघोळीचा तो प्रसिद्ध प्रसंग आहे : दोघे भाऊ नळ सोडतात, टॉवेल ओले करतात, खिशातली माती टबात टाकतात म्हणजे कडेला मळाची रेघ उमटेल, आणि कोरडेच बाहेर येतात. खरी आंघोळ याहून कमी कष्टाची झाली असती.

‘कॅप्टन जॅक’ हा भाग खरे तर आधी दाखवायचा होता. मुले जाहिरात वाचून टपालाने मगर मागवतात. येते ते वीतभर पिल्लू. त्याला ठेवायचे कुठे, तर शौचकूपाच्या पाण्याच्या टाकीत. शौचालय पडद्यावर दाखवायला वाहिनीचा आक्षेप होता. बरीच ओढाताण होऊन अखेर फक्त टाकी दाखवण्यावर तडजोड झाली आणि भाग आठवडाभर मागे गेला. अमेरिकन दूरचित्रवाणीवर शौचकूपाची टाकी दिसण्याची ही पहिली वेळ, असे सर्वत्र नोंदले गेले आहे. पिल्लाला दुधातून पाजण्यासाठी मुले वडिलांची ब्रँडी चोरतात आणि संशय येतो घरकामाच्या बाईंवर. लहानांच्या लपवाछपवीचा भुर्दंड तिसऱ्याच माणसाला, ही गंमत लेखकांनी पुढेही वापरली. केस कापण्याचा भागही याच जातीचा. न्हाव्याचे पैसे हरवतात, म्हणून बीव्हर स्वतःच कात्री चालवतो. भावाला वाचवायला गेलेला वॉली उरलेले केसही कुरतडून ठेवतो. मग दोघे झोपतानासुद्धा लोकरी टोप्या घालून वावरतात.

या सारवासारवीत भाऊ हाच पहिला मित्र असतो. दोघांची खोली एक, न्हाणीघर एक, आणि महत्त्वाची बोलणी होतात ती दिवा मालवण्याच्या सुमारास, अंथरुणात पडल्यापडल्या. वॉली धाकट्याला मूर्ख म्हणतो, त्याला सोबत न्यायची लाज वाटते. पण आईबाप खोलीत आले की दोघांची अळीमिळी गुपचिळी. चहाडी करणारा हा मेफील्डच्या पोरांत सर्वांत खालच्या पायरीवरचा प्राणी. वर्गातली ज्यूडी हेन्सलर (जेरी वाइल) हिचा बीव्हरला सर्वाधिक राग येतो तो याच कारणाने.

घराबाहेरच्या मित्रांत पहिला मान लॅरी मॉन्डेलोचा (रस्टी स्टीव्हन्स). गोलमटोल, सतत सफरचंद खाणारा, आणि ‘तू कर ना, काही होत नाही’ हे पालुपद तोंडी असलेला. वडिलांनी जपून ठेवलेला, बेब रूथसारख्या नामांकित बेसबॉलपटूंच्या सह्यांचा चेंडू खेळायला बाहेर काढायची कल्पना लॅरीची. चेंडू रस्त्यावर ट्रकखाली सापडतो तेव्हा जबाबदारी मात्र बीव्हरची. दुसऱ्या चेंडूवर सह्या गिरवून तो जागी ठेवला जातो आणि अर्थातच पकडला जातो. लॅरी डांबरट नाही, फक्त त्याला परिणामांचा विचार फार उशिरा सुचतो. १९६०च्या सुमारास लॅरी मालिकेतून दिसेनासा झाला आणि त्याची जागा गिल्बर्टने (स्टीफन टॅलबट) घेतली. गिल्बर्ट जास्त चलाख, थोडा कोरडा. टॅलबट पुढे माहितीपटांचा निर्माता म्हणून नावारूपाला आला. माझ्या मते लॅरी गेल्यावर बीव्हरच्या खोड्यांतला ओलावा कमी झाला.

तिसरा मित्र व्हायटी (स्टॅन्ली फाफारा) हा मालिकेतल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगाला कारण ठरला. १९६१ सालच्या ‘इन द सूप’ या भागात रस्त्यावर सुपाची अवाढव्य जाहिरात उभी असते. चित्रातल्या बाईच्या हातात घडवलेला वाडगा, त्यातून खरी वाफ निघते. वाडग्यात सूप आहे की नाही यावर दोघांचा वाद होतो. व्हायटी बीव्हरला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो आणि बीव्हर जाहिरातीवर चढतो. आत डोकावता डोकावता वाडग्यात पडतो. खाली गर्दी जमते, अग्निशामक दलाची शिडी लागते. मुलांच्या दुनियेत ‘हिंमत असेल तर’ या तीन शब्दांपुढे अक्कल चालत नाही, हे इतक्या मोठ्या आकारात क्वचितच कुणी दाखवले असेल.

बीव्हरचा एक स्नेही मात्र सत्तरीचा आहे. अग्निशामक केंद्रावरचा म्हातारा गस (बर्ट मस्टिन). जे वडिलांना विचारता येत नाही ते बीव्हर गसला विचारतो. गस उपदेश करत नाही, हातातले काम चालू ठेवून ऐकतो. आजोबा घरात नसलेल्या उपनगरी कुटुंबाला लेखकांनी असा आजोबा मिळवून दिला.

आणि एडी हॅस्केल. वॉलीचा हा मित्र मालिकेच्या नायकापेक्षाही जास्त टिकला. सौ. क्लीव्हर समोर असताना अत्यंत साळसूद, त्यांच्या पोशाखाची तारीफ करणारा. त्या वळल्या की तोच मुलगा बीव्हरला टपली मारतो, वॉलीला भलत्या धंद्याला लावतो आणि पळ काढतो. पथदर्शी, म्हणजे मालिकेआधी नमुन्यादाखल केलेल्या भागात याच जातीच्या पोराचे काम हॅरी शिअररने केले होते, जो पुढे ‘द सिम्प्सन्स’मधल्या आवाजांसाठी ओळखला गेला. मालिकेत केन ऑसमंड एका भागापुरता पाहुणा म्हणून आला आणि राहिला. त्याचा पहिला पराक्रम असा : फुले नेऊन दिल्याबद्दल शेजारच्या नव्या बाईंनी बीव्हरच्या गालाचा पापा घेतलेला असतो, तर आता तिचा नवरा तुला सोडणार नाही, असे सांगून हा त्या पोराची झोप उडवतो. अमेरिकन इंग्रजीत ‘एडी हॅस्केल’ हे आता सामान्यनामासारखे वापरतात, मोठ्यांपुढे गोड आणि पाठीमागे लबाड अशा माणसासाठी.

एडीची थोरवी अशी, की त्याच्या लाळघोटेपणाला कुणीही फसत नाही. जून फसत नाही, वॉर्ड तर नाहीच. सगळ्यांना सगळे ठाऊक असूनही त्याला घरात येऊ देतात. एका भागात वॉलीशी भांडून तो रात्री तावातावाने निघून जातो आणि कळते, की त्याच्या घरी कुणीच नाही व त्याला एकट्याला भीती वाटते. वॉली त्याच्याशी मैत्री का ठेवतो, याचे उत्तर मालिका शब्दांत देत नाही. ते या भागात दिसते. ऑसमंड मोठेपणी दुसरी भूमिका मिळेना म्हणून १९७० साली लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात शिरला. १९८० साली संशयिताचा पाठलाग करताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि गोळीरोधक जाकिटामुळे तो वाचला.

वॉर्डचे मुलांना अभ्यासिकेत बोलावून समजावणे पुढे थट्टेचा विषय झाले, जूनच्या मोत्यांच्या माळेसारखेच. (बिलिंग्सलीच्या गळ्याच्या खळग्याची सावली कॅमेऱ्यात पडे, ती झाकण्यासाठी माळ होती. मुले उंच होत गेली तशा तिच्या टाचाही उंच झाल्या.) पण वॉर्ड वाटतो तितका सर्वज्ञ नाही. त्याच्या लहानपणी वडिलांचा पट्टा बोलत असे. आपण तसे वागायचे नाही हे त्याला पक्के माहीत आहे, मग कसे वागायचे ते मात्र तो दर आठवड्याला नव्याने शोधत असतो. अनेकदा त्याचा निवाडा चुकतो आणि तो मुलांपुढे तसे कबूल करतो. १९५०च्या दशकातल्या पडद्यावरच्या बापाकडून हे अपेक्षित नव्हते.

तुलनेसाठी त्याच काळातली दोन पोरे घेता येतील. ‘डेनिस द मेनेस’ (१९५९–६३) हँक केचमच्या व्यंगचित्रमालेवरून आलेली. तिथे डेनिस वादळासारखा येतो, शेजारच्या विल्सनचे नुकसान करतो आणि त्याला अपराधी वाटत नाही. ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधल्या ओपीच्या हातून १९६३ सालच्या एका भागात बेचकीने चिमणपाखरांची आई मरते आणि तो पिल्ले वाढवतो, तिथे खोडीला थेट मृत्यूचा स्पर्श होतो. बीव्हर या दोघांच्या मधला. त्याच्या हातून कुणाचे फार बिघडत नाही, पण रात्री झोप मात्र लागत नाही.

मेफील्डला मर्यादा आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी उपनगराचे हे चित्र. मालिका सुरू होण्याआधी जेमतेम नऊ दिवस आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना लष्करी बंदोबस्तात वर्गात न्यावे लागले होते, त्याची सावलीही येथे पडत नाही. बीव्हरच्या वर्गात सगळी मुले एकाच रंगाची. मद्यपी रंगाऱ्याची किंवा घटस्फोटित आईबापांच्या मुलाची गोष्ट मात्र लेखकांनी मुलाच्या नजरेतून, न सजवता सांगितली, हेही नोंदवायला हवे.

पहिल्या प्रसारणात मालिका वार्षिक लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या तीसमध्ये कधीच आली नाही. तिचे नाव झाले ते पुढच्या दशकांतल्या पुनःप्रसारणांमुळे, दुपारी शाळेतून घरी आलेल्या मुलांमुळे. ‘फॅमिली स्क्रॅपबुक’ हा शेवटचा भाग बोमाँटनेच दिग्दर्शित केला. कुटुंब जुना आल्बम चाळते आणि आधीच्या भागांतली दृश्ये दिसतात. मुद्दाम समारोप म्हणून लिहिलेला भाग त्या काळी मालिकांना क्वचित लाभे.

बोमाँट १९८२ साली वारला. पुढच्या वर्षी ‘स्टिल द बीव्हर’ या दूरचित्रपटात उरलेली मंडळी पुन्हा जमली आणि त्यातून १९८४ ते १९८९ अशी नवी मालिका निघाली. त्यात बीव्हर घटस्फोटित आहे, दोन मुलगे घेऊन आईच्या घरी परतलेला. एडीलाही मुलगा आहे, फ्रेडी. त्याचे काम ऑसमंडच्या खऱ्या मुलाने, एरिकने केले. हा पोरगाही सौ. क्लीव्हर यांच्याशी फार अदबीने बोलतो.