आठवायला लावतो तोच खेळ कामाचा

मुंबईत जर्मन शिकणारी मंडळी आता फक्त काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात भेटत नाहीत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आता नर्सिंग केलेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हरही ‘ए-वन’ची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीची, पुस्तकं हातात घेऊ लागले आहेत. ड्युटी, घर आणि लोकलचा प्रवास यांतून त्यांच्या हाती उरतात सुटी सुटी दहा मिनिटं. साहजिकच मोबाइलवरचे झटपट खेळ जवळचे वाटतात. पण अशा खेळांनी भाषा येते का? माझं उत्तर असं की येते, पण खेळ शब्द आठवायला लावणारा हवा. नुसता ओळखायला लावणारा असेल, तर फार थोडी येते.

२००८ साली अमेरिकेतल्या जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासह शिकवले. एखादा शब्द एकदा बरोबर आला की काहींच्या बाबतीत तो पुढच्या चाचण्यांतून वगळला, पण वाचायला मात्र देत राहिले. काहींना उलट, आलेला शब्दही पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आठवड्यानंतर ज्यांना विचारत राहिले होते, त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी फक्त वाचन चालू ठेवलं होतं, त्यांना जेमतेम एक तृतीयांश. मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याला किती आठवेल, असं सगळ्यांना आधीच विचारलं होतं आणि सगळ्याच गटांनी साधारण निम्मे शब्द सांगितले होते. म्हणजे कुठल्या पद्धतीने डोक्यात पक्कं बसतंय, हे शिकणाऱ्याला स्वतःला कळत नाही. वही चाळताना सगळं ओळखीचं दिसतं आणि ‘येतंय की’ असं वाटून जातं.

मोबाइलवरच्या बऱ्याच खेळांत हीच अडचण असते. चित्राखाली चार पर्याय येतात, त्यातला बरोबर पर्याय नजरेला ओळखीचा वाटतो, बोट पडतं, गुण मिळतात. परक्या देशात वॉर्डात पेशंटसमोर उभं राहिल्यावर चार पर्याय कोण देणार? तिथे शब्द स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढावा लागतो. पर्यायांचा खेळ वाईट नव्हे, ओळख करून द्यायला तो ठीक आहे. मात्र चुकलेलं उत्तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळायला हवं, नाहीतर चुकीचा पर्यायच लक्षात राहण्याचा धोका असतो. दोन-चार दिवसांनी पर्याय झाकायचे आणि शब्द तोंडाने म्हणायचा.

लालबागच्या एका घरात मी हा खेळ पाहिला. मुलगी नर्सिंग झालेली, आई भाजी निवडत बसलेली. आईला जर्मनचं अक्षरही येत नाही. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला जर्मन शब्द देवनागरीत लिहिलेला. आई म्हणाली, “चमचा.” मुलगी म्हणाली, “ल्योफेल.” आईने चिठ्ठी उलटून पाहिली. “आधीचं कुठंय? इथे ‘डेर ल्योफेल’ लिहिलंय. नाही धरणार मी.” “अगं आई, शब्द तर आला ना!” “आला, पण अर्धाच. जा परत गठ्ठ्यात.” शिकवणारीला भाषा येत नसतानाही हा खेळ नेमका होता, कारण नियम कडक होता आणि उत्तर मागे लिहिलेलं होतं.

आईचा तो हट्ट व्याकरणाला धरून होता. जर्मनमध्ये नामाला तीन लिंगं आहेत आणि ती नामाआधीच्या ‘डेर’, ‘डी’, ‘डास’ या आर्टिकलवरून कळतात. मराठीत तो, ती, ते असल्यामुळे ही कल्पना आपल्याला नवी नाही. फक्त इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्याला हीच गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. पण कल्पना ओळखीची असली तरी वाटणी वेगळी आहे. आपला चमचा तो, काटा तो, सुरी ती. त्यांच्याकडे डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. चमचा जुळतो, काटा आणि सुरी दगा देतात. म्हणून शब्द आणि आर्टिकल पहिल्या दिवसापासून एकत्रच म्हणायचे. काही ठिकाणी शेपूट मदत करतं. ‘उंग’ने संपणारी नामं जवळपास सगळी ‘डी’ असतात, जसं वर्तमानपत्र म्हणजे डी त्साइटुंग, राहतं घर म्हणजे डी वोनुंग. छोटेपणा दाखवणारं ‘श्येन’ लागलं की नाम ‘डास’ होतं, अगदी मुलगीसुद्धा डास मेडश्येन. चिठ्ठ्यांचे तीन ढीग करून घाईघाईत वाटायचा खेळ इथे फार उपयोगी पडतो.

चुकलेली चिठ्ठी गठ्ठ्यात परत गेली, पण पुन्हा कधी विचारायची? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, मध्ये वेळ जाऊ द्यायचा, मग तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. वीस मिनिटांनी बचत ५८ टक्के होती, एका दिवसाने ३४ टक्के, महिन्याने २१ टक्के. हे आकडे ‘इतकं आठवतं’ म्हणून सर्रास सांगितले जातात. ते प्रत्यक्षात पुन्हा शिकताना वाचलेल्या वेळेचे आहेत. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त आणि नंतर मंदावत जातो, हे मात्र त्यातून स्पष्ट दिसतं. म्हणून पहिली उजळणी लवकर, नंतरच्या हळूहळू लांबवत. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलेली थेट पहिल्यात, आणि पुढचे कप्पे जास्त दिवसांनी उघडायचे. मिठाईच्या खोक्यात जाड कागदाचे पडदे घातले की पेटी तयार.

आकड्यांसाठी तांबोला घ्यावा. सोसायटीच्या कार्यक्रमात आपण खेळतो तोच, फक्त आकडे जर्मनमध्ये पुकारायचे. जर्मन आकड्यात एकक आधी येतो: ३५ म्हणजे ‘फ्युन्फउंडड्रायसिश’, पाच आणि तीस. पस्तीसमध्येही पाच आधीच आहे. इंग्रजीतून विचार करणारा घाईत ५३ लिहून बसतो, मराठीतून ऐकणाऱ्याला तो गोंधळ कमी व्हायला हवा. एकोणचाळीसला मात्र सांभाळून, तिथे आपली रीत वेगळी आणि त्यांची सरळ, नऊ आणि तीस.

वाक्यरचनेला मोबाइलपेक्षा चिठ्ठ्याच बऱ्या. चार चिठ्ठ्या घ्या: इश (मी), कोखे (करते), हॉयटे, टे (चहा). ‘इश कोखे हॉयटे टे’, मी आज चहा करतेय. आता ‘हॉयटे’, म्हणजे ‘आज’, उचलून सुरुवातीला ठेवा. मराठी सवयीने हात ‘कोखे’ शेवटी सरकवतो, पण साध्या विधानात क्रियापद दुसरी जागा सोडत नाही. सरकायचं ते ‘इश’ला: ‘हॉयटे कोखे इश टे’. अशी दहा वाक्यं हाताने फिरवली की नियम सांगावा लागत नाही. (‘कारण’, ‘जर’ अशा जोडवाक्यांत जर्मन क्रियापदही शेवटी जातं. तो आपल्यासाठी सोपा भाग, पण तो पुढे येतो.)

गटाने खेळायची सवय परीक्षेतही उपयोगी पडते. मॅक्स म्युलर भवन चालवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-वन परीक्षेत तोंडी भाग गटात होतो आणि त्यात चक्क कार्डं उचलायची असतात. समजा विषय खाणंपिणं आणि कार्डावर ‘फ्र्युश्ट्युक’, म्हणजे नाश्ता. त्या एका शब्दावरून समोरच्याला प्रश्न विचारायचा: ‘वास इस्ट डू त्सुम फ्र्युश्ट्युक?’ नाश्त्याला काय खातोस? समोरच्याने उत्तर द्यायचं आणि पुढचं कार्ड त्याने उचलायचं. शब्दांची पेटी पन्नासेक चिठ्ठ्यांची झाली की घरी हाच डाव मांडायला हरकत नाही, दोघं असले तरी चालतात.