कुलूप जाड की फट लहान?

भाचीची सायकल सोसायटीच्या पार्किंगमधून गेली, तेव्हा खांबापाशी हिरवं वायर-लॉक तुटून पडलं होतं. अंगठ्याएवढं जाड. तुटल्या तोंडाशी निरखून पाहिलं, तर आतली पोलादी दोरी पेन्सिलीएवढीही नव्हती. बाकी सगळं प्लास्टिक. बारीक तारा पिळून ही दोरी बनते. त्यामुळे ती हवी तशी वळते, आणि त्यामुळेच लवकर हरते: चोराला सगळ्या तारांशी एकदम झुंजावं लागत नाही, थोड्या थोड्या कापल्या तरी भागतं.

जाड साखळी घेतली तर गाठ मोठ्या कटरशी. कटर म्हणजे शाळेत शिकलेली तरफच. दांडा 75 सेंटीमीटर लांब आणि पातं खिळीपासून 3 सेंटीमीटरवर असेल, तर हाताचा जोर 25 पट होतो. 30 किलोचा जोर लावला की पात्याशी पाऊण टन! साध्या लोखंडाची कडी तिथं कशी टिकणार? म्हणून चांगल्या यू-लॉकचं (इंग्रजी U सारख्या वाकवलेल्या दांड्याच्या कुलपाचं) पोलाद तापवून झटकन थंड करतात. ते इतकं टणक होतं की साध्या करवतीचे दात त्यावरून घसरतात.

तरी मला पोलादापेक्षा फट महत्त्वाची वाटते. यू-लॉकच्या आत रिकामी जागा राहिली, तर तिथं पहार किंवा छोटा जॅक घुसतो आणि तरफ पुन्हा चोराच्या हाती. म्हणून कुलूप लहानच घ्या आणि ती जागा चाकाने व खांबाने भरून टाका. शेल्डन ब्राऊन या अमेरिकन मेकॅनिकची युक्ती फार सुंदर आहे: फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या (सीट, पेडल आणि मागच्या चाकाचा आस जोडणाऱ्या नळ्यांच्या) आत, फक्त मागचं चाक खांबाला बांधायचं. चाक त्या त्रिकोणातून ओढून निघत नाही, म्हणजे फ्रेमही आपोआप अडकते. रिम कापावी, तर स्पोकच्या ताणाने ती आधीच दाबलेली असते. करवत आत शिरली की काप मिटतो आणि पातं अडकतं.

बॅटरीवर फिरणाऱ्या, धातू कापणाऱ्या ग्राइंडरपुढे मात्र बहुतेक कुलपं मिनिट-दोन मिनिटांत हार मानतात. तिथं आधार त्याच्या आवाजाचा आणि ठिणग्यांचा, म्हणून सायकल वर्दळीच्या जागीच लावा.

आणि कुलूप जमिनीवर लोळू देऊ नका. कटरचा एक दांडा फरशीला टेकवून दुसऱ्यावर 60 किलोचं अंग टाकलं, तर पाऊण टनाचा दीड टन होतो. भाचीच्या नव्या सायकलीचं कुलूप आता सीटखाली, मागच्या चाकाच्या वरच्या कडेला लागतं.