मीटर सांगतो आणि मीटर ऐकतो

सोसायटीच्या मीटिंगमध्ये स्मार्ट मीटरचा विषय निघाला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमच्याकडे कधीचाच आहे. दहा वर्षं झाली, रीडिंगवाला माणूस मीटरपाशी वाकलेला मी पाहिला नाही." सेक्रेटरी म्हणाले, "काकू, तो लांबून रीडिंग देणारा मीटर. स्मार्ट वेगळा." काकूंनी लगेच विचारलं, "लांबून रीडिंग देतो तो स्मार्ट नाही, मग स्मार्ट म्हणजे काय?"

यावर मीटिंगमधले वीसेक जण गप्प. खरं तर प्रश्न चोख होता. लांबून रीडिंग देणारा मीटर आणि स्मार्ट मीटर या दोन वस्तू बाहेरून जवळपास सारख्या दिसतात आणि रीडिंगसाठी माणूस दारात न येणं हेही दोन्हींत सारखंच. म्हणून लोक दोन्हींना एकच समजतात. माझ्या मते वीज कंपन्यांनाही ही गल्लत सोयीची पडते, पण ते पुढे येईल.

आधी जुनी पद्धत आठवून घेऊ. जिन्याखालचा लाकडी बोर्ड, त्यावर ओळीने मीटर, काचेआड फिरणारी चकती. महिन्यातून एकदा रीडिंगवाला यायचा, टॉर्च मारून आकडा वहीत लिहायचा. मीटर घरात असेल आणि घराला कुलूप असेल तर बिलावर ‘लॉक’ असा शेरा आणि सरासरीने आकारणी. पुढे महावितरणच्या बिलावर मीटरचा फोटोच छापून यायला लागला. तो बहुतेक वेळा इतका काळा असायचा की आकड्यापेक्षा रीडिंगवाल्याचा अंगठाच जास्त स्पष्ट दिसायचा.

या त्रासावरचं पहिलं उत्तर म्हणजे लांबून वाचता येणारा मीटर. महावितरणने काही भागांत इन्फ्रारेड आणि रेडिओ मीटर लावले ते याच जातीचे. रेडिओ मीटरच्या पोटात एक छोटा ट्रान्समीटर असतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, अशा कामांसाठी तो सोयीचा. रीडिंगवाला हातातलं यंत्र घेऊन इमारतीपाशी येतो, बटण दाबतो, आणि आसपासचे मीटर आपापला नंबर आणि आकडा त्याला कळवतात. त्याला जिन्याखाली वाकावं लागत नाही, इतकंच. इमारतीपर्यंत तो येतोच. काकूंना तो दिसला नाही कारण तो गेटपाशीच उभा राहून निघून जायचा.

मोठ्या कारखान्यांसाठी याचीच थोरली आवृत्ती आहे. तिथे मीटरला मोडेम जोडतात आणि मोबाइलच्या जाळ्यावरून रीडिंग थेट कार्यालयात पोचतं. पण काम तेच. मीटर सांगतो, माणूस किंवा संगणक ऐकतो. उलट दिशेने मीटरला हुकूम देण्याची सोय या व्यवस्थेत साधारणपणे नसते.

स्मार्ट मीटर ऐकतोही.

भारतात स्मार्ट मीटर कशाला म्हणायचं हे आयएस १६४४४ या मानकाने ठरतं. त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, संवाद दोन्ही बाजूंनी. दोन, घरगुती मीटरच्या आतच एक स्विच, जो कार्यालयातून आलेल्या संदेशावर वीज तोडू आणि जोडू शकतो. रीडिंग घेणं हे याचं सगळ्यात साधं काम. महिना बदलताना रात्री बाराच्या ठोक्याला तो आपला आकडा गोठवून ठेवतो, त्यामुळे बिल नेमक्या एका महिन्याचं होतं. शिवाय दर अर्ध्या किंवा पाव तासाला किती वीज गेली याची नोंद तो ठेवतो. झाकण उघडलं, जवळ लोहचुंबक आणला, की तेही कळवतो. काही मीटर तर वीज गेल्यावर शेवटच्या दमात ‘गेली’ एवढा निरोप पाठवून मगच मालवतात.

निरोप पोचवायच्या तऱ्हा तीन. सिमकार्ड घालून मोबाइलच्या जाळ्यावरून, विजेच्याच तारेवरून, किंवा एका मीटरने शेजारच्या मीटरला सांगत सांगत. ही तिसरी तऱ्हा मला फार आवडते. तळघरातल्या मीटर रूममध्ये मोबाइलला रेंज नसते, तिथला मीटर दाराजवळच्या मीटरला सांगतो, तो बाहेरच्याला, असं करत बातमी खांबावरच्या डब्यापर्यंत जाते. चाळीत नळाला पाणी आल्याची बातमी याच रीतीने फिरते.

विजेच्या तारेवरून बोलणाऱ्या मीटरचं मोठं उदाहरण इटलीचं. तिथल्या एनेल कंपनीने २००१ पासून पुढच्या काही वर्षांत तीन कोटींच्या आसपास घरांत असे मीटर बसवले. इटलीत बऱ्याच घरांचा करार ३ किलोवॉटचा असतो. ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावून मर्यादा ओलांडली की मीटरच वीज बंद करतो, आणि घरातलं कोणीतरी खाली जाऊन खटका वर करतं. ऐकणारा मीटर घरात असणं म्हणजे काय, ते यातून नेमकं कळतं. ठरवून दिलेली मर्यादा तो पाळायला लावतो. नुसत्या सांगणाऱ्या मीटरला हे जमणारच नाही.

आता आपल्याकडे. केंद्राची सुधारित वितरण योजना २०२१ मध्ये आली आणि तिच्यात देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरचं लक्ष्य ठेवलं गेलं, तेही प्रीपेड. मुंबई शहरात बेस्टचे दहा लाखांहून अधिक वीजग्राहक आहेत, तिथेही मीटर बदलायचं काम निघालं. महाराष्ट्रात विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. मीटर तरीही बसत राहिले, पण आता नाव ‘टीओडी मीटर’ (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर) आणि बिल पूर्वीसारखं महिन्याच्या शेवटी.

लोकांना यात फसवणूक वाटली. रागही समजण्यासारखा आहे, पण गंमत अशी की प्रीपेड हा मीटरचा प्रकारच नाही, तो पैसे घेण्याचा प्रकार आहे. तोच स्मार्ट मीटर कार्यालयातल्या संगणकावर प्रीपेड ठरवता येतो किंवा पोस्टपेड. मोबाइलचं कार्ड बदलत नाही, प्लॅन बदलतो, तसंच. फरक पडतो तो कायद्याच्या बाजूने. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की विषय संपला, नोटीस द्यायला थकबाकीच नसते. उलट कलम ४७ म्हणतं की प्रीपेडवर वीज घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. म्हणजे एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने घ्यायचं.

आणि आता ती सोयीची गल्लत. स्मार्ट मीटरच्या प्रचारात जे सांगतात ते बहुतेक पहिल्या जातीच्या मीटरचे गुण असतात. अचूक रीडिंग, सरासरी बिल नाही, दारात माणूस नाही. हे सगळं खरं आहे, पण एवढंच हवं असतं तर साधा रेडिओ मीटर आणि मोडेम पुरला असता. स्मार्ट मीटरचं वेगळेपण त्या आतल्या स्विचमध्ये आणि अर्ध्या तासाच्या नोंदींमध्ये आहे, आणि लोकांची भीतीही नेमकी तिथेच आहे. घरात कोण कधी असतं हे अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून सहज कळतं. भीती चुकीची म्हणून झटकण्यापेक्षा ती कुठल्या भागाबद्दल आहे हे ओळखलेलं बरं.

नवीन मीटरने बिल वाढतं का? मीटर बदलला म्हणून युनिट जन्माला येत नाहीत. पण घासलेला चकतीचा मीटर थोडा मागे पडत असेल, तर चार्जर, सेट-टॉप बॉक्स, राउटर अशा बारीक भारांची वीज त्याच्यातून निसटत असू शकते, नवा ती मोजतो. कित्येक महिन्यांच्या सरासरीचा हिशेबही मीटर बदलताना एकदम अंगावर येतो. शंका असेल तर घरीच तपासता येतं. मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुका हे छापलेलं असतं. तिथे ३२०० लिहिलं असेल, तर सगळं बंद करून फक्त १००० वॉटचा पाण्याचा रॉड बादलीत लावा आणि एक मिनिट मोजा. त्रेपन्नच्या जवळपास लुकलुका आल्या पाहिजेत. व्होल्टेज कमी-जास्त असेल तर चारसहाचा फरक पडेल. ऐंशी आल्या तर तक्रार करा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ पासून तरतूद आहे की रीडिंगबद्दल तक्रार केली तर कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवावा आणि किमान तीन महिने ठेवावा. स्मार्ट मीटरने मंजुरीपेक्षा जास्त भार दाखवला, तरी तो बसण्यापूर्वीच्या काळासाठी दंड लावता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

टीओडीचं म्हणाल तर महावितरणने जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली. दिवसातून कोणत्या तासाला किती, हे माहीत असल्याशिवाय अशी सवलत देता येत नाही, म्हणून महिन्याला एकच आकडा सांगणारा मीटर इथे बाद होतो. पण हिशेब करून पाहा. २ किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, म्हणजे ८० पैसे वाचले. फक्त त्यासाठी आंघोळ सकाळी सातची अकरावर न्यावी लागेल. नोकरीवर जाणाऱ्या घराला याचा फारसा उपयोग नाही. घरी शिवणकाम करणारी, दुपारी घरघंटी चालवणारी, ज्यांचे म्हातारे आईवडील दिवसभर पंख्याखाली असतात, त्यांना थोडा.

मीटिंग संपल्यावर काकू टॉर्च घेऊन स्वतःच जिन्याखाली उतरल्या, मी मागोमाग. त्यांच्या मीटरची काच पदराने पुसली तेव्हा बारीक अक्षरात छापलेलं दिसलं, आयएस १३७७९, म्हणजे साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरचं मानक. शेजारी, नव्याने बदललेल्या बंद फ्लॅटच्या मीटरवर आयएस १६४४४, आणि पडद्याच्या कोपऱ्यात मोबाइलसारख्या रेंजच्या काड्या. काकूंनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे माझा अजून बहिराच आहे," त्या म्हणाल्या. "असू दे. बदलायला आले की आधी मला हाक मार, जुन्याचं शेवटचं रीडिंग मी स्वतः लिहून घेणार."