जपानला वळण कसं लागलं

जपानमध्ये नव्या पत्त्यावर राहायला आलं की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन नोंद करावी लागते. तिथले लोक पत्ता लिहून घेतात आणि जाताना हातात कचऱ्याचा तक्ता देतात. जळणारा कचरा कोणत्या वारी, प्लास्टिक कोणत्या, बाटल्या नि डबे कधी, जुनी गादी टाकायची तर कुठे फोन करायचा, सगळं चित्रांसकट. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी गाडीवाले उचलत नाहीत. तिच्यावर चिठ्ठी चिकटवून निघून जातात. आपल्याकडे कुणीतरी गॅलरीतून दोन शब्द सुनावले असते आणि विषय तिथेच मिटला असता. इथे कुणी अवाक्षर काढत नाही. पिशवी मात्र दिवसभर चिठ्ठी मिरवत उभी असते आणि ती कुणाची हे गल्लीला माहीत असतं.

अशा पहिल्या आठवड्यानंतर घरी फोन झाला की एक वाक्य हमखास निघतं: ‘यांच्या रक्तातच आहे हो ही शिस्त.’ जुनी कागदपत्रं चाळली तर रक्त सोडून बाकी सगळं सापडतं. सरकारी फतवे, दंड, पोस्टर, शाळेतले तास आणि भांडणं. भांडणं तर भरपूर.

कचऱ्याचंच घ्या. १९६० च्या दशकात टोकियोचा कचरा गाड्या भरभरून कोतो वॉर्डाकडच्या समुद्रात भरावासाठी ओतला जात होता. त्या जागेचं नाव युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचं बेट. १९६५ च्या उन्हाळ्यात या बेटावरून माश्यांचे लोंढे वस्तीत शिरले, शाळांपर्यंत पोहोचले, आणि शेवटी तेल ओतून कचऱ्याचे ढीग जाळावे लागले. शहराचा कचरा आम्हीच का सोसायचा, असा कोतोकरांचा सवाल होता. तिकडे सुखवस्तू सुगिनामी वॉर्डात कचरा जाळण्याचा कारखाना काढायचा म्हटलं की रहिवासी विरोधाला उभे राहत. २८ जानेवारी १९७१ रोजी टोकियोचे गव्हर्नर मिनोबे र्‍योकिची यांनी ‘कचरायुद्ध’ जाहीर केलं. १९७३ मध्ये कोतोच्या लोकांनी सुगिनामीहून आलेल्या कचऱ्याच्या गाड्या रस्त्यातच अडवल्या. ‘जपानी लोक भांडत नाहीत’ असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दृश्यं डोळ्यांसमोर आणावीत.

तक्ता आला तो या भांडणांच्या काळातून. शिझुओका प्रांतातल्या नुमाझू शहराने १९७५ मध्ये घरोघरी कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली, कारण त्यांचीही भरावाची जागा संपत आली होती. १९९५ मध्ये वेष्टनांच्या पुनर्वापराचा कायदा झाला. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु या छोट्या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा केली आणि पुढे वर्गवारी ४५ प्रकारांपर्यंत नेली. म्हणजे आज जी आजी नव्या भाडेकरूची पिशवी वाकून बघते, ती स्वतः हे सगळं वयात आल्यावर शिकलेली आहे.

रस्त्यावर कचरापेटी का दिसत नाही, हा पाहुण्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याचं एक उत्तर २० मार्च १९९५ या तारखेत आहे. त्या सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी सारिन वायू सोडला. पेटीत काय ठेवलंय कुणाला ठाऊक, म्हणून स्थानकांवरच्या पेट्या बंद झाल्या, आणि बऱ्याच ठिकाणी त्या परत आल्याच नाहीत.

वळण लावण्याची मोहीम याहून शंभर वर्षं जुनी आहे. १८७२ मध्ये टोकियोत किरकोळ गुन्ह्यांचा एक नियम निघाला. उघड्या अंगाने रस्त्यावर फिरणं, रस्त्यात लघवी करणं, स्त्री-पुरुषांनी एकाच हौदात स्नान करणं, अंगावर गोंदवून घेणं, या सगळ्यावर बंदी आली. नियम लोकांना कळावेत म्हणून त्यांच्या सचित्र आवृत्त्या निघाल्या. यामागे निव्वळ नीतीची तळमळ नव्हती. पाश्चात्त्य देशांनी लादलेले असमान करार मोडायचे होते, त्यासाठी ‘आम्ही सुधारलेले आहोत’ हे परदेशी डोळ्यांना दिसायला हवं होतं. तेव्हा परका माणूस आपल्याला हसेल म्हणून जपानी माणूस धास्तावलेला होता, आज उलटं आहे. गोंदण्यावरची बंदी १९४८ मध्ये उठली. तोवर गोंदण याकुझांशी, म्हणजे संघटित गुंडांच्या टोळ्यांशी, जोडलं गेलं होतं, आणि दंडावर टॅटू असलेल्या तरुणाला गरम पाण्याच्या झऱ्यावरून आजही पुष्कळदा परत पाठवतात.

वक्तशीरपणाही असाच. १८५७ मध्ये नागासाकीच्या नौदल शाळेत शिकवायला आलेल्या काटेनडेइके या डच अधिकाऱ्याची तक्रार होती की इथले लोक वेळ पाळत नाहीत. त्यांचाही दोष नव्हता. तेव्हाच्या जपानात दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करत, आणि ऋतूप्रमाणे त्यांची लांबी बदले. सारख्या लांबीचे तास आणि नवी दिनदर्शिका १८७३ च्या सुरुवातीला आली. (जुन्या पंचांगात त्या वर्षी अधिक महिना येत होता. नव्यामुळे सरकारचा तेराव्या महिन्याचा पगार वाचला, हे अर्थखात्याला चांगलंच ठाऊक होतं.) १९२० मध्ये १० जून हा ‘वेळेचा दिवस’ ठरवून वेळ पाळा असा प्रचार सुरू झाला. मिनिटभर उशिराबद्दल माफी मागणारी रेल्वे ही त्याची नातवंडं.

शेजाऱ्यांची नजर मात्र खरोखर जुनी आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून, पाच-पाच घरांचे गट केले जात, गोनिनगुमी. कर थकला, गुन्हा घडला, कुणी लपून ख्रिस्ती धर्म पाळला, तर जबाबदारी पाचही घरांवर. गावाचे नियम मोडणाऱ्याला मुराहाचिबु, म्हणजे वाळीत टाकणं. हाचि म्हणजे आठ, आणि या शब्दाची एक रूढ फोड अशी की शेजारधर्माच्या दहा प्रसंगांपैकी आठांत संबंध तोडायचे, फक्त आग आणि मयत हे दोन सोडायचे. वाळीत टाकणं काय असतं हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. १९४० मध्ये गृहखात्याने युद्धासाठी हीच कल्पना तोनारिगुमी या नावाने देशभर बसवली. साधारण दहा घरांचा गट, त्यातूनच रेशन, हवाई हल्ल्याची तालीम आणि एकमेकांवर लक्षही. १९४७ मध्ये अमेरिकी अमलाखाली ते गट बंद झाले, पण पुढे मोहल्ला-मंडळं, चोनाइकाइ, पुन्हा उभी राहिली. सूचनांची फळी घरोघरी फिरवायची, वाचून शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात ठेवायची, ही काइरानबानची पद्धत कित्येक वस्त्यांत अजून चालू आहे.

दुसऱ्याला आपला त्रास, मेइवाकु, होऊ नये या काळजीचं सगळं मूळ यातच आहे असं मी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याच्या चुकीचा दंड पिढ्यान्‌पिढ्या आपल्यालाही भरावा लागला असेल, तर त्याच्या पिशवीकडे नजर जाणारच. या शेजारपणाला गोड बाजूही आहे. घर बदललं की समोरची तीन आणि दोन बाजूंची दोन घरं, इतक्या ठिकाणी ओळख करून द्यायला जायचं. एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, अशा वेळी सोबा शेवया वाटत, कारण ‘सोबा’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘जवळ’. आता शेवयांच्या जागी टॉवेल किंवा कपड्यांची पावडर असते. मोठ्या शहरांत हे कमी होत चाललंय, तरी नव्याने आलेल्याने केलं तर पुढे पिशवी चुकली तरी निभावतं.

जुनं म्हणून जे दाखवलं जातं ते तपासून घ्यावं, याचा सर्वांत मजेदार दाखला म्हणजे ‘एदो शिगुसा’. अरुंद गल्लीत समोरून कुणी आलं की छत्री कलती करायची, नावेत नवा माणूस आला की मुठीएवढं सरकून जागा द्यायची, असे एदोच्या व्यापाऱ्यांचे संस्कार होते म्हणे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सांगितलं जाऊ लागलं, मग पोस्टरांवर चढलं, आणि २०१४ मध्ये शिक्षणखात्याच्या नीतिशिक्षणाच्या पुस्तकातही गेलं. त्याच वर्षी हारादा मिनोरू या लेखकाने पुस्तक लिहून दाखवलं की एदो काळातला एकही कागद याला आधार देत नाही. पुरावा का नाही, यावर प्रचारकांचं उत्तर तयार होतं: एदो काळानंतर आलेल्या मेइजी सरकारने हे जाणणाऱ्या एदोकरांची कत्तल केली. छत्री कलती करणं चांगलंच, फक्त त्याला तीनशे वर्षांचा दाखला जोडायची गरज नव्हती.

रेल्वेतल्या वागण्याचा दाखला मात्र कागदावर आहे. ज्येष्ठांसाठी राखीव ‘सिल्व्हर सीट’ सप्टेंबर १९७३ मध्ये आली. पुढच्या वर्षापासून टोकियोच्या भुयारी रेल्वेत ‘मॅनर पोस्टर’ लागायला लागली. पाय पसरू नका, छत्री विसरू नका, फलाटावर सिगारेट नको. लोक हे सगळं करत होते म्हणूनच पोस्टर छापावी लागली. रस्त्यात सिगारेट ओढल्यास दंड करायला टोकियोच्या चियोदा वॉर्डाने सुरुवात केली तीही २००२ मध्ये.

भाषेत मराठी माणसाला थोडी सवलत आहे. तू, तुम्ही, आपण ही उतरंड अंगात मुरलेली असते. ‘या आमच्या गरिबाच्या घरी’ म्हणताना आपणही स्वतःला खाली घेतो. जपानीने ते क्रियापदातच बसवलंय: जाणं म्हणजे ‘इकु’, मोठ्यांचं जाणं ‘इराश्शारु’, आपलं नम्र जाणं ‘माइरु’. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ही रूपं पाठ करून गेलेलाही अडखळतो तो दुसऱ्याच जागी. बाहेरच्या माणसाचा फोन आला की आपल्या साहेबांच्या नावाला आदराचं ‘सान’ लावायचं नाही. ‘तानाका जागेवर नाही’ असं एकेरी सांगायचं, कारण त्या घटकेला साहेब आपल्या घरातले आणि फोनवरचा परका. ‘साहेब बाहेर गेलेत’ म्हणायची सवय असलेल्या जिभेला हे जड जातं. १९५२ मध्ये राष्ट्रीय भाषा परिषदेने आदरार्थी भाषा सोपी करा, ती वर-खाली न ठेवता परस्पर आदराची करा, असं सुचवलं होतं. २००७ च्या मार्गदर्शिकेने शाळेत तीन म्हणून शिकवलेले प्रकार पाच केले. सोपं करण्याचं काय झालं ते यावरून कळतं.

परदेशी रहिवाशांचा प्रश्न ठळक झाला तो १९९० नंतर. त्या वर्षी लागू झालेल्या परदेशी लोकांच्या प्रवेशाच्या कायद्यामुळे ब्राझीलमधले जपानी वंशाचे कामगार मोठ्या संख्येने आले, आणि हामामात्सु, ओइझुमी अशा कारखान्यांच्या गावांत कचरा आणि आवाज यांवरून कुरबुरी सुरू झाल्या. १९९५ च्या कोबे भूकंपात सूचना न कळल्याने परदेशी लोकांचे हाल झाले, त्यातून ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, पुढे आली. २०२० मध्ये सरकारनेच तिची मार्गदर्शिका काढली. २०२४ अखेर परदेशी रहिवासी सुमारे ३७ लाख ७० हजार झाले. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाइत २००० च्या सुमारास भारतीय संगणक अभियंते येऊन राहू लागले. त्याच वॉर्डाच्या सभेवर एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रातले गृहस्थ निवडून आले.

शिकून पक्का झालेला नियमही मध्येच बदलतो, हे सरकत्या जिन्यावर कळतं. टोकियोत डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईवाल्यांना. ओसाकात नेमकं उलटं, आणि त्याचा संबंध १९६७ च्या सुमारास हानक्यु रेल्वेच्या उमेदा स्थानकावर होऊ लागलेल्या घोषणांशी लावतात. नवखा माणूस दोन्ही शहरांचे नियम घोकून तयार होतो. तेवढ्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये साइतामा प्रांताने जिन्यावर चालूच नये असा नियम केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागोयानेही केला. दंड नाही, त्यामुळे जुनी सवय सुटेना. मग नागोयाने जिन्याच्या उजव्या बाजूला नुसती उभी राहणारी माणसं नेमली.