अंधारात रक्त काळं का दिसतं?

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ मी पहिल्यांदा पाहिला तो होस्टेलवर, झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. काळ्या पार्श्वभूमीवर काळे डाग, आणि मधूनच एखादा पांढरा चेहरा. जवळपास तीस वर्षांनी गेल्या आठवड्यात त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत पाहिली आणि सगळा वेळ त्यातल्या रक्ताकडेच बघत राहिलो.

जॉर्ज रोमेरो यांनी हा भयपट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या इव्हान्स सिटीच्या आसपास साधारण 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये उरकला. फिल्म कृष्णधवल, रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. 1968च्या ऑक्टोबरमध्ये तो पिट्सबर्गला लागला. आयत्या वेळी नाव बदलताना कॉपीराइटची ओळ पडद्यावरून गळली आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. मग ज्याने त्याने प्रतीवरून प्रत काढली, आणि दर प्रतीत अंधारातले बारकावे थोडे थोडे पुसले गेले. 2016 साली न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि फिल्म फाउंडेशन यांनी थेट मूळ निगेटिव्हवरून तो परत उभा केला.

सिरपचा किस्सा नेहमी काटकसरीचा म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो डोळ्याच्या रचनेच्या बाजूने बघावासा वाटतो. सिनेमातली बहुतेक गोष्ट रात्री घडते, आणि रात्री रक्त खरोखरच काळं दिसतं.

शाळेत शिकलेलं आठवा. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी 60 लाखांच्या आसपास, त्यांना भरपूर उजेड लागतो आणि त्या रंग ओळखतात. दंडाकार पेशी 9 ते 12 कोटी, त्या अंधुक प्रकाशात काम करतात. एका दंडपेशीला प्रतिसाद द्यायला प्रकाशाचा एक कण, एक फोटॉनसुद्धा पुरतो. इतकी नाजूक यंत्रणा रंगाच्या बाबतीत मात्र साफ आंधळी का, हा मला डोळ्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो.

दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन नावाचं एकच रंगद्रव्य असतं. त्यात ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू बसवलेला असतो. फोटॉन आदळला की तो रेणू सरळ होतो आणि पेशीतून संदेश निघतो. फोटॉन निळा होता की हिरवा, याची नोंद कुठेच राहत नाही. रेणू सरळ झाला, एवढीच बातमी. हिरव्या प्रकाशाचे शंभर फोटॉन पडले आणि त्यातले दहा टिपले गेले, किंवा दुसऱ्या रंगाचे हजार पडून त्यातलेही दहाच टिपले गेले, तरी मेंदूपर्यंत पोचणारा आकडा दहाच. रंग कळायला निदान दोन वेगळ्या रंगद्रव्यांची तुलना लागते, आणि दंडपेशींकडे तुलना करायला दुसरं कुणी नाही. कृष्णधवल फिल्मवरचा चांदीच्या क्षाराचा कणही असाच: प्रकाश किती लागला ते सांगतो, कुठल्या रंगाचा ते नाही.

आता आकडे बघू. अंधाराला सरावलेला डोळा सर्वांत संवेदनक्षम असतो 507 नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला. 600 नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशाला ती क्षमता तीन टक्क्यांवर येते. 650च्या गडद लाल प्रकाशाला हजारात एकाहूनही कमी. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि पिवळा प्रकाश शोषून घेतं, आणि रक्तावरून परत येतो तो मुख्यतः 600च्या पुढचा. म्हणजे अंधारात रक्ताकडून येणारा जवळजवळ सगळा प्रकाश दंडपेशींच्या लेखी नसल्यातच जमा. रोमेरोंच्या काळातली पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणारी, कृष्णधवल फिल्म मात्र लाल प्रकाश बऱ्यापैकी टिपायची, त्यामुळे खरं लाल रक्त तिच्यावर फिकट करडं उमटलं असतं. चॉकलेटने ते काळं केलं, म्हणजे रात्री घराबाहेर अंधारात उभ्या असलेल्या माणसाला दिसेल तसं.

हा परिणाम बोहेमियातले शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी 1825 साली मांडला, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कोकणात आमच्या मागील दारी तो मी दर मे महिन्यात बघतो. तिन्हीसांजेला लाइट गेली की पायरीवर बसायचं. जास्वंदीचं फूल आधी लालभडक, पानं त्याच्यापुढे मळकट. वीसेक मिनिटांत फूल कोळशासारखं होतं आणि पानं उजळ राखाडी. फुलात काहीच बदललेलं नसतं. माझे डोळे शंकूंकडून दंडांकडे गेलेले असतात.

दंडपेशींची आणखी एक गंमत आहे. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथे आपण टक लावून बघतो ती वस्तू उमटते, तिथे त्या अजिबात नसतात. हात लांब करून करंगळीचं नख धरलं तर जेवढी जागा झाकेल, साधारण तेवढा हा भाग. त्यामुळे काळोखात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलेली फिकट आकृती सरळ बघितल्यावर नाहीशी होते. आकाशनिरीक्षक अंधुक तेजोमेघ बघायला मुद्दाम किंचित बाजूला नजर ठेवतात, ते याचसाठी. ‘बघायला गेलो आणि ते नाहीसं झालं’ असं सांगणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्याने त्याला तेच दाखवलेलं असतं. त्यावर नारळ-लिंबाचा उतारा सांगून पैसे उकळणाऱ्याला मात्र माझ्याकडे माफी नाही. (सिनेमात प्रेतं उठण्याचं कारण म्हणून शुक्रावरून परतलेल्या यानाचा किरणोत्सर्ग सुचवला आहे. त्यात विज्ञान शोधू नये.)

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. लॅपटॉप मिटून पाणी प्यायला उठलो तर पॅसेजमध्ये काही म्हणजे काही दिसेना. दीड तास उजळ पडद्याकडे बघून माझ्या दंडपेशींतलं काही ऱ्होडॉप्सिन खर्ची पडलं होतं. दिवा न लावता भिंतीला टेकून उभा राहिलो. दहाएक मिनिटांनी डावीकडे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वळून बघितलं की गायब, नजर बाजूला केली की परत हजर. आणखी थोड्या वेळाने खांदे दिसले, मग बाह्या, मग खुंटीला लावलेला माझाच रेनकोट. तो लाल आहे. तेव्हा मात्र काळाकुट्ट दिसत होता.