सागरी तेल-विंधन : धोके आणि पर्यावरणीय विरोध

समुद्रतळाखालच्या खडकांत साठलेले खनिज तेल व नैसर्गिक वायू विहिरी खणून काढणे म्हणजे सागरी तेल-विंधन. उथळ पाण्यात पाय तळावर टेकवून उभी राहणारी जॅक-अप रिग (रिग म्हणजे विहीर खणण्याचा यंत्रसज्ज मंच) वापरतात. खोल पाण्यात तरंगती रिग किंवा ड्रिलशिप लागते. या उद्योगाला होणारा विरोध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संघटित झाला. त्यात मच्छीमार, किनाऱ्यावरच्या वस्त्या, आदिवासी समाज, शास्त्रज्ञ आणि पर्यावरण संघटना सहभागी आहेत. विहिरीत काय बिघडू शकते हे समजून घेतल्याशिवाय हा विरोध कशासाठी आहे आणि तो केव्हा उपयोगी पडतो, हे कळत नाही.

खडकाच्या छिद्रांतले तेल, वायू आणि पाणी प्रचंड दाबाखाली असते. तो दाब तोलून धरण्यासाठी विहिरीत जड द्रव सोडतात. त्याला ड्रिलिंग मड म्हणतात. मड हलके पडले तर वायू विहिरीत शिरतो. फार जड झाले तर खडक फुटून मडच आत झिरपते, विहिरीतली पातळी उतरते आणि दाबाचा तोल पुन्हा जातो. अनेक खोल विहिरींत या दोन मर्यादांमधले अंतर अगदी कमी असते. म्हणून टप्प्याटप्प्याने पोलादी नळ्यांचे केसिंग उतरवून त्याच्यामागे सिमेंट भरतात.

वायू शिरू लागल्याची पहिली खूण साधी असते : रिगवरच्या टाक्यांत मडची पातळी वाढते, किंवा पंप बंद केल्यावरही विहिरीतून मड वाहतच राहते. ही खूण लगेच ओळखून विहीर बंद करावी लागते. दीड किलोमीटर पाण्याखालून वर येणारा वायू पृष्ठभागापर्यंत शंभरपटींहून अधिक फुगतो, त्यामुळे अखेरच्या टप्प्यात विचाराला वेळच उरत नाही.

शेवटचा अडसर म्हणजे विहिरीच्या तोंडावर बसवलेला ब्लोआउट प्रिव्हेंटर. झडपांचा हा शेकडो टनांचा संच असतो. वरच्या भागातले रबरी कडे नळीभोवती आवळले जाते. त्याखालचे रॅम, म्हणजे समोरासमोरून सरकणारे पोलादी ठोकळे, नळीला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. सर्वांत निर्णायक असतो तो कातर-रॅम : त्याची पाती नळी कापून विहीर बंद करतात. मात्र नळीचे दोन तुकडे जोडणारा जाड सांधा पात्यांसमोर आला तर अनेक कातर-रॅम तो कापू शकत नाहीत. नळी मध्यभागी नसेल तर पाती तिला नुसती चेपतात. मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो विहिरीत असेच घडले. दाबाने वाकलेली नळी एका कडेला सरकली होती आणि कातर-रॅमला विहीर बंद करता आली नाही.

मॅकोंडोचा अपघात मात्र त्याआधीच सुरू झाला होता. २० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन' रिगवर तळाच्या सिमेंटची चाचणी झाली. या चाचणीत विहिरीतला दाब मुद्दाम कमी करून खालून काही आत येते का ते पाहतात. नळीवर सुमारे १,४०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब दिसत होता, तर शेजारच्या किल लाइनवर, म्हणजे विहिरीत द्रव सोडायच्या बाजूच्या नळीवर, शून्य. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेल्या असल्याने हा फरक धोक्याचा इशारा होता. त्याचे चुकीचे स्पष्टीकरण मान्य केले गेले, चाचणी यशस्वी ठरवली गेली आणि जड मड काढून समुद्राचे पाणी भरणे सुरू झाले. त्या रात्रीच्या स्फोटात ११ कामगार मृत्युमुखी पडले. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार ८७ दिवसांत सुमारे ४९ लाख पिंप तेल विहिरीबाहेर पडले (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर).

कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा येथे २८ जानेवारी १९६९ रोजी झालेला अपघात वेगळ्या प्रकारचा होता. तिथे नियमापेक्षा आखूड केसिंग वापरायला सरकारी परवानगी मिळाली होती. विहिरीचे तोंड बंद करण्यात यश आले, पण केसिंग नसलेल्या भागातून दाब बाजूच्या खडकात शिरला आणि समुद्रतळाला भेगा पडून तेल वर आले. झडप कितीही चांगली असली तरी तिच्याखालची विहीर कच्ची असेल तर हाच धोका राहतो.

फुटलेली विहीर बंद करायला लागणारा वेळ हा धोक्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तोंडावर बसवायची टोपी, म्हणजे कॅपिंग स्टॅक, जवळ असेल आणि विहिरीचे तोंड शाबूत असेल तरच लवकर काम होते. एरवी दूरवरून तिरकी मदत-विहीर खणून मूळ विहिरीला खोलवर गाठावे लागते आणि तिथून जड मड व सिमेंट भरावे लागते. ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्यामधल्या तिमोर समुद्रातल्या माँटारा विहिरीची गळती २००९ मध्ये ७४ दिवस चालली; मदत-विहिरीने मूळ विहीर गाठली ती पाचव्या प्रयत्नात. मेक्सिकोची इश्तोक-१ विहीर अवघ्या ५० मीटर पाण्यात होती. तरीही ३ जून १९७९ रोजी फुटलेली ती विहीर २३ मार्च १९८० रोजी बंद झाली.

सांडलेले तेल गोळा करता येते हा समज खरा नाही. हलके घटक उडून जातात. उरलेले तेल पाण्यात घुसळून तपकिरी, चिकट लगदा बनते आणि त्याचे आकारमान तीन-चार पटींनी वाढते. तवंग अडवणाऱ्या तरंगत्या बूमवर काटकोनात येणारा प्रवाह सेकंदाला ३५ सेंटिमीटरपेक्षा वेगवान झाला की तेल खालून निसटते. तवंग जाळायचा तर तो दोन-तीन मिलिमीटर जाड असावा लागतो. मॅकोंडोत हजारो बोटी कामाला लावूनही पृष्ठभागावरून ओढून काढलेले तेल सुमारे ३ टक्के आणि जाळलेले सुमारे ५ टक्के होते. रासायनिक विकिरक फवारल्याने तवंग दिसेनासा होतो, पण तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात पाण्यात उतरते आणि अंडी व लहान माशांपर्यंत पोहोचते.

गळती न होताही धोके असतात. ध्वनीच्या प्रतिध्वनींवरून तळाखालचे तेल शोधणाऱ्या भूकंपीय सर्वेक्षणात एअरगन दर १०-१५ सेकंदांनी हवेचे स्फोट करतात आणि देवमासे ज्या कमी वारंवारतेवर एकमेकांना साद घालतात तीच आवाजाने भरते. आग आणि टक्कर हा कामगारांच्या जिवाचा प्रश्न आहे. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर सुरक्षा-झडप काढलेला पंप चालू केला गेला. १६७ जण मरण पावले. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर मदत-जहाज वायूवाहिनीवर आदळून लागलेल्या आगीत २२ जणांचा बळी गेला.

संघटित विरोधाला सँटा बार्बरापासून वेग आला. तिथल्या नागरिकांनी काढलेल्या 'गेट ऑइल आउट' संघटनेने सह्यांच्या मोहिमा चालवल्या. १ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा झाला. त्याला बळ देणाऱ्या घटनांत ही गळती होती. प्रकल्पाआधी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल देण्याचे बंधन त्यातून आले. आज जगभर विरोधाचे मुख्य साधन हाच अहवाल आहे.

अहवाल वाचताना नेमके प्रश्न विचारावे लागतात. सर्वांत वाईट गळतीत रोज किती पिंप तेल पडेल असे धरले आहे? कॅपिंग स्टॅक कोणत्या बंदरात आहे आणि पोहोचायला किती दिवस लागतील? मदत-विहिरीसाठी दुसरी रिग कुठून येणार? वादळी महिन्यांत बूम चालतील का? नुकसानभरपाईची हमी कोण देणार? यांची उत्तरे मोघम असतील तर हरकतीला खरा आधार मिळतो. 'समुद्र वाचवा' एवढ्यावर कोणतेही प्राधिकरण परवाना नाकारत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वाइल्ड कोस्टवर विरोधकांनी सल्लामसलतीतली उणीव नेमकी पकडली. नोटिसा इंग्रजी व आफ्रिकान्स वृत्तपत्रांत होत्या, किनाऱ्यावरचे लोक मात्र झोसा बोलणारे. न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शेल कंपनीचे सर्वेक्षण थांबवले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये शोधाचा हक्कच रद्द ठरवला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने हा निष्कर्ष कायम ठेवला, मात्र हक्काच्या नूतनीकरणाच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत रद्द करण्याच्या आदेशाला स्थगिती दिली.

प्रत्यक्ष समुद्रात विरोध करणे जोखमीचे आहे. सागरी कायद्याच्या कराराने किनारी देशांना प्रतिष्ठापनांभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा-क्षेत्र आखण्याचा अधिकार दिला आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये रशियाच्या प्रिराझलोम्नाया प्लॅटफॉर्मवर चढण्याचा प्रयत्न झाल्यावर ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या जहाजावरील ३० जणांना अटक झाली आणि त्यांनी सुमारे दोन महिने कोठडीत काढले. नायजेरियात मे १९९८ मध्ये शेव्हरॉन या तेल कंपनीच्या पाराबे प्लॅटफॉर्मवर गेलेल्या गावकऱ्यांपैकी दोघे सुरक्षा दलांच्या गोळीबारात मरण पावले.

जुलै २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे १३ गिर्यारोहक पुलाला लटकले आणि खाली कयाकवाल्यांनी नदी अडवली. अडवले होते ते 'फेनिका' जहाज; शेलच्या आर्क्टिक विहिरीचा कॅपिंग स्टॅक त्याच्यावर होता आणि ते पोहोचेपर्यंत तेलाच्या थरात खणायला मनाई होती. जहाज दोनेक दिवसांत निघून गेले. शेलने सप्टेंबरअखेर ती मोहीम सोडली, तेव्हा विहिरीत पुरेसे तेल-वायू न सापडणे, खर्च आणि अनिश्चित नियम ही कारणे दिली. आंदोलनाचे श्रेय मोजताना हेही धरले पाहिजे.

चुकीचे आकडे विरोधाला महागात पडतात. १९९५ मध्ये ब्रेंट स्पार ही तेलसाठ्याची टाकी समुद्रात बुडवण्याचा बेत ग्रीनपीसने हाणून पाडला, पण टाकीत ५,५०० टन तेल असल्याचा दावा चुकीचा होता आणि संघटनेला माफी मागावी लागली. मूळ मागणी तरीही टिकली : १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी असे सांगाडे समुद्रात टाकण्यावर, मोजके अपवाद वगळता, बंदी घातली.

गळतीनंतर भरपाई मिळवायची तर आधीच्या स्थितीच्या नोंदी लागतात : मासळीची आवक, शेवाळशेतीचे उत्पन्न, पाण्याचे नमुने. तवंग आल्यावर तेलाचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत, तारीख व जागा लिहून ठेवावा लागतो, म्हणजे ते कोणत्या विहिरीचे हे प्रयोगशाळेत ओळखता येते. माँटाराच्या गळतीने इंडोनेशियातल्या १५,००० हून अधिक शेवाळ-शेतकऱ्यांचे पीक गेले. त्यांचा दावा २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात दाखल झाला, २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये १९.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली.